मैफलींची ध्वनिमुद्रणे एकत्र ऐकण्याची आणि प्रभावाचा वाद घालण्याची रीत

ख्यालगायनाच्या, म्हणजे रागसंगीतातल्या प्रमुख गायनप्रकाराच्या, रसिकांना एकत्र आल्यावर दोन गोष्टींची विलक्षण ओढ असते. एक म्हणजे आपल्याला आवडलेली मैफल दुसऱ्याला ऐकवणे, आणि दुसरी म्हणजे कोणत्या गवयाने कोणाकडून काय घेतले याचा वाद घालणे. पुणे, मुंबई, कोल्हापूर, मिरज, धारवाड, पणजी अशा गावांत या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यांतून कित्येकांचे कान तयार झाले आहेत. मात्र बहुतेक ठिकाणी मैफल ऐकवणारा माणूस ध्वनिमुद्रणापेक्षा स्वतःच्या आठवणीच अधिक सांगतो आणि वाद घालणारा माणूस काहीच न ऐकवता निकाल देतो. या लेखात सुचवलेली सारी पद्धत एकाच नियमावर उभी आहे: गाण्याविषयी जो दावा करायचा, त्याची जागा ध्वनिमुद्रणात दाखवता आली पाहिजे. ती दाखवता येत नसेल तर दावा मागे ठेवावा आणि पुढच्या बैठकीपर्यंत शोध घ्यावा.

बैठकीची मांडणी

सहा ते दहा माणसांची बैठक सर्वांत चांगली चालते. त्याहून अधिक माणसे झाली की बोलणारे तेच ते राहतात आणि नवखे रसिक गप्प बसतात. अडीच-तीन तासांचा वेळ ठरवावा आणि त्यात दोनच राग ठेवावेत. पाच-सहा जणांनी आपापल्या आवडीचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे आणले तर संध्याकाळ भरते, पण एकही गाणे मनात राहत नाही. प्रत्येक वेळी एकाच सभासदाने ध्वनिमुद्रण आणावे आणि त्याची पूर्वतयारी त्यानेच करावी. त्याला कोणते गाणे सर्वश्रेष्ठ वाटते हे विचारण्याची गरज नाही. ज्या गाण्यात त्याला काही विशेष घडताना दिसले आहे, असे एक गाणे त्याने निवडावे.

शक्यतो रागाच्या ठरलेल्या वेळेला धरूनच ऐकावे. संध्याकाळच्या बैठकीत मारवा, पूरिया, यमन किंवा भूप घ्यावा, आणि तोडी-ललत रविवारच्या सकाळसाठी राखून ठेवावेत. कर्मठपणापोटी मी हे सुचवत नाही. मैफलीतल्या गवयाने तो राग त्या वेळच्या श्रोत्यांसमोर मांडलेला असतो, आणि आपणही त्याच प्रहरी बसलो तर त्याची चाल, त्याची घाई किंवा सैलपणा अधिक नीट समजतो.

जाहीर मैफलीचेच ध्वनिमुद्रण का आणायचे, याचे कारण ऐकण्याच्या लांबीत आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. पुढे दीर्घ तबकडी आली तेव्हा एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळू लागली. या दोन्हींत गवयाला गाणे आधीच बेतून घ्यावे लागत होते. मैफलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पाऊण तास चालतो, त्यात गवई एखादी वाट धरतो, ती अडते, तो मागे येतो, तबलजीकडे पाहून लय किंचित सावरतो, आणि श्रोत्यांतून एखाद्या जागेला दाद आली की त्या जागेच्या आसपास तालाची आणखी दोन आवर्तने, म्हणजे दोन फेरे, रेंगाळतो. गवयाचा विचार कसा चालतो हे कळण्यासाठी हेच ऐकायचे असते. म्हणून ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून लावावे. तानपुऱ्यांची जुळवाजुळव, पहिला षड्ज (सा), संवादिनीवर (हार्मोनियमवर) चाचपलेले दोन स्वर हे सगळे कापून थेट बंदिशीवर, म्हणजे बांधलेल्या रचनेवर, उडी मारण्याची सवय चुकीची आहे, कारण पहिल्या षड्जातच त्या दिवशीचा गळा कसा आहे हे पुष्कळदा समजते. वेळ अगदीच कमी असेल तर ख्यालाच्या मुखड्यापासून (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यापासून) अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) भरेपर्यंतचा भाग सलग ऐकावा; मधूनच एखादी तान काढून ऐकवू नये.

ध्वनिमुद्रण पारखून घेणे

इंटरनेटवर आज अफाट ठेवा मोफत मिळतो, आणि त्याच्यावरची नावे पुष्कळ वेळा चुकीची असतात. राग दुसराच असतो, साल अंदाजाने टाकलेले असते, साथीदारांचा उल्लेख नसतो, आणि कधीकधी तर गवयाचे नावही शिष्याच्या जागी गुरूचे असते. म्हणून ध्वनिमुद्रण आणणाऱ्याने आदल्या दिवशी ते पूर्ण ऐकावे. सुरुवातीला किंवा शेवटी निवेदकाचा आवाज असेल तर तो नभोवाणीचा आहे की सभागृहातला हे ओळखावे. तबलासाथ कोणाची आहे हे कळले तर काळाचा अंदाज पुष्कळ जवळ येतो. जे नक्की माहीत नाही त्याच्यापुढे ‘अंदाजे’ असे स्पष्ट सांगावे, कारण पुढे प्रभावाचा वाद सुरू झाला की सारा डोलारा सालावरच उभा राहतो.

दुसरी तपासणी पट्टीची, म्हणजे गवयाने आपला षड्ज किती उंचीवर धरला आहे त्याची. जुनी ध्वनिमुद्रणे स्पूलवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून संगणकावर आलेली असतात, आणि या प्रवासात फितीचा वेग हमखास बदलतो. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे संवादिनीच्या काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि चाळीस मिनिटांचे गाणे सव्वादोन मिनिटांनी आखूड होते. अशा ध्वनिमुद्रणात गवयाचा आवाज पातळ व धारदार वाटतो, ताना प्रत्यक्षाहून वेगवान भासतात, आणि ऐकणारा त्यावरून ‘तरुणपणी यांची तान काय चपळ होती’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या अॅपमध्ये स्वर जुळवून पट्टी पाहावी, त्याच गवयाच्या त्याच काळातल्या दोन-तीन भरवशाच्या ध्वनिमुद्रणांतली पट्टी पाहावी, आणि फरक ठळक असेल तर वेग दुरुस्त करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरने तो नीट करून घ्यावा. गवई वयानुसार पट्टी उतरवतात हेही लक्षात ठेवावे. प्रत्येक फरक फितीचाच असतो असे नाही.

खरखर काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. आवाज ‘स्वच्छ’ करणारी साधने खरखरीबरोबर तानपुऱ्याची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, आणि स्वर संपतानाची बारीक शेपटीही खातात, आणि ख्यालात या दोन गोष्टी गेल्या तर फार मोठे काहीतरी गेले. चांगल्या स्पीकरवर, मध्यम आवाजात, थोड्या खरखरीसह ऐकलेले जुने गाणे पाच मिनिटांत कानाच्या सवयीचे होते.

ऐकवायचे कसे

प्रास्ताविक चार वाक्यांत संपवावे: गवई, राग, ताल, साल-ठिकाण आणि साथीदार. बंदिशीचे शब्द कागदावर लिहून प्रत्येकाला द्यावेत, म्हणजे बोल कोठे तोडला, कोणत्या अक्षरावर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले हे कळते. आपल्याला आवडलेली जागा आधी सांगू नये. ‘आता बघा हं, पुढे काय येतंय’ असे म्हणणारा माणूस बाकीच्यांचे ऐकणे हिरावून घेतो. पहिल्यांदा सर्वांनी अखंड ऐकावे. दाद द्यायला हरकत नाही, मैफलीत जशी देतात तशी द्यावी. पण गाणे थांबवून भाष्य करू नये.

पहिल्या ऐकण्यानंतर पाच मिनिटे कोणीही बोलू नये आणि प्रत्येकाने मनात राहिलेली एकच जागा मिनिट-सेकंदासह लिहून ठेवावी. मग त्या जागा एकेक करून पुन्हा लावाव्यात. येथे बैठकीला खरा रंग चढतो. चारचौघांनी वेगवेगळ्या जागा लिहिलेल्या असतात आणि क्वचित तिघांनी एकच जागा लिहिलेली असते. बहुधा ती जागा तानेची नसते. गंधारावरून (ग) ऋषभाकडे (रे) येताना घेतलेल्या एका मींडेची, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरण्याची, असते, किंवा सम येण्यापूर्वी गवयाने अर्धी मात्रा मुखडा रोखून धरलेला असतो. ती जागा तीन-चारदा ऐकून तेथे नेमके काय घडले हे सर्वांनी मिळून शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करावा. ‘काळजाला भिडले’ हे खरे असते, पण पुढच्या माणसाला ते ऐकायला मदत करत नाही. ‘धैवतावर आवाज लहान केला आणि तबलजीने ठेका मोकळा ठेवला’ असे म्हटले तर तीच जागा नवखा श्रोताही पकडतो. ऐकणाऱ्यांतल्या सर्वांत नवख्याला प्रथम बोलायला लावावे. जाणकार आधी बोलले की त्यांचेच शब्द सर्वांच्या तोंडी येतात.

साथसंगतीकडेही लक्ष द्यावे. सारंगी असेल तर गवयाच्या मींडेला मागून धरणारा सूर मिळतो, संवादिनी असेल तर स्वर सुटे पडतात, आणि त्याने गाण्याचा पोत बदलतो. हा फरक पुढे गवयाच्या माथी मारला जातो, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवणे बरे.

प्रभावाचा वाद

आता मुख्य विषयाकडे येऊ. अमुक गवयावर तमुकाचा प्रभाव आहे, या वाक्यात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: गुरूपुढे बसून घेतलेली तालीम, दुसऱ्याचे गाणे ऐकून आपलेसे केलेले काही, आणि दोघांनीही एकाच तिसऱ्या ठिकाणाहून उचललेले. वाद सुरू करण्यापूर्वी दावा करणाऱ्याने यांपैकी कोणती गोष्ट म्हणायची आहे हे सांगितले पाहिजे. पुष्कळसे कडाक्याचे वाद एवढ्यावरच मिटतात.

किराणा घराण्याचे, म्हणजे गायकीच्या एका गुरुपरंपरेचे, उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात सर्वाधिक वाद त्यावरच होतात. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७) झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन जोशी गाण्याच्या शोधात गदगचे घर सोडून गेले, हे सर्वश्रुत आहे. पुढे १९३६ पासून त्यांना कुंदगोळला सवाई गंधर्वांची, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांची, तालीम मिळाली, आणि सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य. आता प्रश्न असा विचारावा: तीन मिनिटांच्या तबकडीतून एखाद्या मुलाला काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही? आवाजाची जात मिळते, स्वरावर टेकण्याची ओढ मिळते, आर्तता मिळते. विलंबित ख्यालाची बढत, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची रीत, मिळत नाही, कारण ती तबकडीत नाहीच. ती गुरूच्या समोर बसूनच येते किंवा इतरांच्या मैफली ऐकून येते. म्हणजे भीमसेनजींवर खाँसाहेबांचा प्रभाव आहे असे म्हणणारा आणि सवाई गंधर्वांचा आहे असे म्हणणारा, हे दोघे गाण्याच्या दोन वेगळ्या थरांविषयी बोलत असू शकतात.

हे कानाने तपासायचे असेल तर जोगिया राग घ्यावा. ‘पिया के मिलन की आस’ ही रचना खाँसाहेबांनी १९३० च्या दशकात तबकडीवर दिली, आणि भीमसेनजी ती मैफलीत गात असत. आधी तबकडी दोनदा ऐकावी, मग भीमसेनजींचे एखादे मैफलीतले ध्वनिमुद्रण लावावे. तबकडीतल्या कोणत्या जागा जशाच्या तशा आल्या, कोणत्या जागा तेथून सुरू होऊन लांबल्या आणि कोणत्या तबकडीत मुळीच नाहीत, अशा तीन रकान्यांत प्रत्येकाने नोंद करावी. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण भीमसेनजींचे स्वतःचे काय हे तेथे दिसते. त्याच रकान्यातून मग पुढचा प्रश्न निघतो की त्यांच्या दमदार, लांब पल्ल्याच्या ताना कोठून आल्या. जाणकार येथे जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकरांचे नाव घेतात, अमीर खाँसाहेबांचेही घेतात. ज्याला ते पटते त्याने पुढच्या वेळी केसरबाईंची तबकडी आणावी, भीमसेनजींची १९५०–६० च्या दशकांतली तान शेजारी ठेवावी आणि तानेचा आकार, तिचे वळण व समेला येण्याची वाट दाखवून द्यावी.

विलंबित लयीचा वाद तर अधिकच गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते रसिकांना सर्वांत जास्त शिकवणारा आहे. आजची अतिविलंबित लय अमीर खाँसाहेबांनी (१९१२–१९७४) रूढ केली असे सर्रास म्हटले जाते. आधी लय मोजून पाहावी. झूमरा या तालाच्या १४ मात्रा असतात, विलंबित एकतालाच्या १२, तिलवाडा या तालाच्या १६. घड्याळ लावून एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचा वेळ घ्यावा आणि मात्रांनी भागावे. झूमऱ्याचे आवर्तन ५६ सेकंदांचे आणि एकतालाचे ४८ सेकंदांचे असेल, तर दोन्हींत मात्रा ४ सेकंदांचीच आहे. आवर्तन लांब दिसते म्हणून लय अधिक संथ, असे होत नाही. ही साधी मोजणी केली नाही तर लयीविषयीचे वाद केवळ भासावर चालतात. अमीर खाँसाहेबांची चार-पाच ध्वनिमुद्रणे, ग्वाल्हेर परंपरेतल्या एखाद्या ज्येष्ठ गवयाचा तिलवाड्यातला ख्याल आणि हिराबाई बडोदेकरांचा एखादा विलंबित ख्याल, या सर्वांच्या मात्रा मोजून एका कागदावर लिहाव्यात.

आता हिराबाई का, ते सांगतो. हिराबाई (१९०५–१९८९) या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या. पण आईवडील वेगळे झाले, आणि हिराबाईंची तालीम बंधू सुरेशबाबू माने व मुख्यतः किराण्याचेच अब्दुल वाहिद खाँसाहेब यांच्याकडे झाली. म्हणजे रक्ताचे नाते एकाचे आणि गायकीची शिस्त दुसऱ्याची. वाहिद खाँसाहेब संथ, एकेक स्वर उलगडत जाणाऱ्या बढतीसाठी ओळखले जात, आणि अमीर खाँसाहेबांनी त्यांचे गाणे ऐकून त्यातून पुष्कळ घेतले. अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात देवासचे रजब अली खाँ आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांचेही अंश सांगितले जातात. आता प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांच्याकडे यावे. त्यांना सुरेशबाबू आणि हिराबाईंची तालीम, आणि अमीर खाँसाहेबांच्या गाण्याचा संस्कारही त्यांनी मान्य केलेला. बैठकीत एक जण म्हणतो की प्रभाताईंची बढत अमीर खाँसाहेबांची आहे, दुसरा म्हणतो की ती शुद्ध किराणा आहे, आणि दोघांच्याही वाटा मागे मागे जात वाहिद खाँसाहेबांपाशी मिळतात. म्हणून बढतीत वाद घालण्याऐवजी जे वाहिद खाँसाहेबांकडून येण्याची शक्यता कमी आहे तेथे पाहावे: सरगम कशी गुंफली आहे, तिन्ही सप्तकांत फिरणारी तान कशी बांधली आहे, कोणत्या स्वरसमूहांच्या उलटापालटी घेतल्या आहेत. दोन शक्य उगम असतील तेव्हा त्यांच्यात जे समान आहे ते पुरावा ठरत नाही.

याच्या उलट रीत जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीला लावावी लागते. अल्लादिया खाँसाहेब हे या गायकीचे मूळ पुरुष. अल्लादिया खाँसाहेबांचे (१८५५–१९४६) गाणे ध्वनिमुद्रित स्वरूपात आपल्यापर्यंत आलेले नाही. मग त्यांचा प्रभाव कसा दाखवायचा? त्यांच्याकडून वेगवेगळ्या वाटांनी आलेले तीन आवाज एका संध्याकाळी ऐकावेत: केसरबाई केरकर, मोगुबाई कुर्डीकर, आणि खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडून शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. तिघांतही जे सापडते, म्हणजे लयीला घट्ट बांधलेला आकार, पेचदार पलटे (स्वरांचे उलटसुलट क्रम), एका दमात दोन रागांचे सांधे जुळवणारी चाल, ते मूळ उगमाचे असण्याची शक्यता मोठी. एकाच गवयात आढळते ते त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या दुसऱ्या गुरूचे. मन्सूरांनी आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी घेतली होती. त्यांची बंदिश मांडण्याची घाईदार, सरळ रीत तेथून आली असावी का, हा प्रश्न एका बैठकीला पुरून उरतो.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. किशोरी आमोणकरांनी आईची, म्हणजे मोगुबाईंची, गायकी कितपत बदलली याचा वाद महाराष्ट्रात अनेक वर्षे चालू आहे, आणि त्यात बहुतेक वेळा मोगुबाईंची तीन मिनिटांची तबकडी आणि किशोरीताईंचा मैफलीतला तासाभराचा भूप यांची तुलना केलेली असते. ही तुलना न्याय्य नाही. तबकडीत आलापाला जागाच नव्हती, त्यामुळे संथ आलाप किशोरीताईंनी आणला असे त्यावरून सिद्ध होत नाही. मोगुबाईंचे नभोवाणीचे किंवा मैफलीतले लांब ध्वनिमुद्रण मिळवावे आणि मगच बोलावे. असे ऐकल्यावरही किशोरीताईंचे वेगळेपण उरते, आणि माझ्या कानाला ते मुख्यतः एका स्वरापाशी थांबून त्याच्याभोवतीचे सारे श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, अवकाश चाचपण्यात आहे. पण ते वेगळेपण नेमके किती, हे समान लांबीच्या दोन गाण्यांतूनच कळते. तबकडीची तुलना तबकडीशी आणि मैफलीची मैफलीशी, हा नियम कधीही मोडू नये.

काळाचा क्रम हाही पुरावाच आहे. ब या गवयाने अ कडून काही घेतले असे म्हणायचे असेल, तर अ चे गाणे ऐकण्यापूर्वीचे ब चे ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि त्यात ती गोष्ट नाही हे दाखवावे. कुमार गंधर्वांचे (१९२४–१९९२) उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा पुढे मुंबईच्या गायनगुरू देवधर मास्तरांकडे शिकला, क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला जाऊन राहिला, माळव्यातली लोकगीते ऐकत राहिला, आणि परत मैफलीत आला तेव्हा कोणाचीही नक्कल नसलेले गाणे घेऊन आला. त्यांच्यावर कोणाचा प्रभाव, हे विचारताना नक्कल शोधू नये. लोकगीताच्या छोट्या स्वरवाक्यांची बंदिशीत कशी पुनर्रचना झाली, आवाज एकदम बारीक करून सोडण्याची रीत कोठे कोठे येते, हे शोधावे. एखाद्या गवयाने दुसऱ्याच्या वाटेला मुद्दाम पाठ फिरवली असेल तर तोही प्रभावच, पण तो सिद्ध करणे फार अवघड असते, आणि तसा दावा करणाऱ्याकडून अधिक पुरावा मागावा.

कीर्ती हा प्रभावाचा पुरावा मानू नये. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अवकाशात गेली, याचा प्रत्येक गोमंतकीयाला आणि मराठी माणसाला अभिमान वाटतो आणि वाटावाच. केसरबाईंच्या गळ्यातली वळणे पुढच्या कोणाच्या गळ्यात उतरली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

वादाची शिस्त

‘सर्वांत मोठे कोण’ हा प्रश्न बैठकीत घेऊ नये. त्याचे उत्तर कोणत्याही ध्वनिमुद्रणात सापडत नाही. गवयांच्या खासगी आयुष्याच्या गोष्टीही बाहेर ठेवाव्यात, अगदी आजारपणाच्या किंवा स्वभावाच्या असल्या तरी. गाण्यावर त्यांचा परिणाम झाल्याचे जगजाहीर असेल तेवढाच उल्लेख करावा. कोणाही गवयाचा उतारवयातला थकलेला गळा किंवा एखादी न जमलेली मैफल पुरावा म्हणून लावू नये. एका गवयाविषयी बोलायचे तर किमान दोन काळांतले गाणे समोर असावे.

ज्येष्ठ रसिकांच्या आठवणींना मान द्यावा आणि त्या ध्वनिमुद्रणापासून वेगळ्या ठेवाव्यात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पूर्वी रात्रभर चालत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंधन आले आणि उत्तररात्रीचे व पहाटेचे राग त्यांच्या प्रहरी जाहीर मैफलीत ऐकण्याची संधी कमी झाली. ज्यांनी ते पहाटेचे गाणे समोर बसून ऐकले, त्यांच्याकडे आपल्याजवळ नसलेले काही आहे. त्यांना विचारावे: कोणते साल, कोणाची साथ, कोणता राग, श्रोते काय करत होते. हे तपशील लिहून घ्यावेत. ‘त्यानंतर तसे गाणे झाले नाही’ हे वाक्य मात्र आदराने बाजूला ठेवावे, कारण त्याची तुलना करायला समोर काही नसते.

कायद्याचेही भान हवे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे आणि कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे राहतो. घरच्या बैठकीत चार जणांनी मिळून ऐकणे वेगळे आणि दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणे वेगळे. आजच्या मैफलीत मोबाइल काढून चोरून मुद्रण करणे तर कलाकाराचा आणि शेजारच्या श्रोत्याचा, दोघांचाही रसभंग करते. आयोजकांची परवानगी असेल तरच मुद्रण करावे आणि तेही आपल्याजवळ ठेवावे. कोणा संग्राहकाने विश्वासाने दिलेली फीत त्याला न विचारता पुढे देऊ नये. जुने संग्राहक एकदा दुखावले की पुन्हा दार उघडत नाहीत.

बैठकीची वही ठेवावी आणि ती पाळीपाळीने प्रत्येकाने लिहावी. प्रत्येक नोंदीत राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ, पट्टी, आवर्तनाचा वेळ, साल व ते नक्की की अंदाजे, ध्वनिमुद्रण कोठून मिळाले, आणि चर्चेत निवडलेल्या जागा मिनिट-सेकंदासह असाव्यात. प्रभावाविषयी मांडलेला दावा एका वाक्यात लिहावा, त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा त्याखाली लिहावा, आणि निर्णय झाला नसेल तर ‘उघडा’ असे लिहून पान अर्धे कोरे सोडावे. काही महिन्यांनी नवे ध्वनिमुद्रण हाती येते, कोणाला मोगुबाईंचे लांब गाणे मिळते, कोणाला वाहिद खाँसाहेबांची नभोवाणीवरची फीत सापडते, आणि तेव्हा त्या कोऱ्या भागात तारीख घालून पुढची नोंद करता येते. नवा सभासद आला की त्याला आधी ही वही वाचायला द्यावी आणि ‘उघड्या’ दाव्यांपैकी एक निवडून पुढच्या बैठकीची तयारी त्याच्याकडे सोपवावी.